पौष शुभ

"जुळलं नाही बाई हे," आत्या एवढंच म्हणाली, शालीचं टोक गुडघ्यावर ओढून घेतलं आणि ग्लासातला मठ्ठा हळूहळू प्यायला लागली. तिच्या शेजारी मी बसलेली. समोर पंगतीच्या मधोमध नवरा-नवरीची ताटं, ताटांभोवती रांगोळी, उदबत्तीचा धूर आणि जिलेबीच्या पाकाचा वास एकमेकांत मिसळलेला, वर लॉनचे पांढरे दिवे आणि खाली नागपूरची जानेवारीतली थंडी, जी गवतातून सरळ तळपायात शिरते. माझ्या भाचीनं नुकतंच नाव घेतलं होतं. पोरंपोरी टाळ्या वाजवून राहिले होते, कोणीतरी मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग परत लावून दाखवत होतं, सासरकडचे खूश, आणि त्या गलक्यात ऐंशी ओलांडलेल्या आत्याचं ते वाक्य फक्त माझ्या कानावर पडलं. ते मी घरी घेऊन आले. शालू कपाटात गेला, दागिने लॉकरमध्ये गेले, उरलेल्या जिलेब्यांचा डबा शेजारी गेला, पण हे वाक्य काही कुठे ठेवता येईना.

कारण तो उखाणा मी जुळवून दिला होता.

लग्नाच्या तीनेक आठवडे आधी रात्री भाचीचा फोन आला, मी गॅसवर वांगं भाजत होते. "मावशी, कौस्तुभला काय जुळते गं?" घरात शब्दांचं काहीही अडलं की फोन मलाच येतो, कारण मी प्रूफं वाचते, पंचवीसेक वर्षं झाली आता, लोकांना वाटतं हिच्याकडे सगळे शब्द बरणीत भरून ठेवलेले असतात. मी पटकन म्हटलं, शुभ. ती म्हणाली, ते तर सगळ्याच कौस्तुभांच्या बायका म्हणतात, मुहूर्त शुभ, लग्न शुभ, दिवस शुभ, मला नाही ते पाहिजे. बरोबरच होतं तिचं. कौस्तुभला मराठीत रोजच्या बोलण्यातला एकच शब्द जुळतो, शुभ, आणि त्याचा उलटा अशुभ, जो मांडवात कोणी तोंडातून काढणार नाही. लोभ, क्षोभ जवळून जातात पण उ चा ओ झाला की कान लगेच मागे सरकतो. म्हणजे अख्ख्या बाजारात एकच दुकान आणि तिथे एकच माल. वांगं एका बाजूनं पार जळलं त्या फोनमध्ये.

मग मी दुसऱ्या टोकानं सुरू केलं. शेवट जर शुभच असणार असेल तर निदान सुरुवात वेगळी करता येते, म्हणजे एका शब्दाला एक शब्द न जुळवता कौस्तुभच्या सगळ्या लांबीला दोन शब्द मिळून जुळवायचे. कौ-स्तुभ. पुढे औ असलेला छोटा शब्द पाहिजे आणि त्याला चिकटून शुभ. लाईटच्या बिलाच्या पाठीवर मी यादी केली. मौन शुभ. चौक शुभ. गौर शुभ. मौज शुभ. कौल शुभ. हौस शुभ. दोन दिवस ऑफिसमध्ये प्रूफं वाचताना डोळे ओळींवर आणि ओठ हे पुटपुटत. आणि मग सकाळी दात घासताना पौष शुभ. एकदम. कारण पौषातला ष आपण बोलताना श सारखाच म्हणतो, तो पुढच्या शुभच्या श मध्ये विरघळतो आणि तोंडात होतं पौश्शुभ, आणि स आणि श तर सख्खे भाऊ, म्हणजे कौस्तुभ आणि पौश्शुभ, दोन्ही भिंतीला भिंत लावून उभे. वर लग्न पौषातच होतं! मुलाची सुट्टी तेवढीच, हॉल तेवढाच मिळत होता, आणि पौषात लग्न म्हणून घरातली सगळी मोठी माणसं धुसफुसून राहिली होती. म्हणजे आवाज जुळला आणि अर्थही चालत आला. मी आरशासमोर ब्रश हातात धरून मोठ्यानं म्हणून पाहिलं.

लोक म्हणती थांबा थोडं, मी म्हणते पौष शुभ,
माझ्या मनाच्या पंचांगात एकच नाव, कौस्तुभ.

भाचीला पाठवलं तर तिचे सात-आठ हसरे चेहरे आले आणि एक रडका, आनंदाचा. असा आनंद मला फार दिवसांनी झाला होता. खरं सांगते, एखादा शब्द अनेक दिवस पाठमोरा बसलेला असतो आणि दोन वेगळ्याच शब्दांनी मिळून हाक मारली की तो वळून पाहतो, ते वळणं मला कुठल्याही गोष्टीपेक्षा आवडतं.

भाचीच्या भावाला मी हे सांगितलं. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रॅप ऐकतो, कानात सतत ते बोंडूक. तो म्हणाला, मावशी याला मल्टी म्हणतात. रॅपवाले म्हणे शेवटचंच अक्षर जुळवत बसत नाहीत, चार-पाच अक्षरांची लांबण घेतात, त्यातले स्वर ओळीनं पकडून ठेवतात आणि व्यंजनं हवी तशी बदलू देतात, मग एक लांब शब्द आणि समोर तीन छोटे शब्द, तरी कानाला दोन्ही एकाच मापाचे लागतात. इंग्रजीत याला मोझॅक म्हणतात हेही त्यानंच काढून दाखवलं, फरशीचे तुकडे बसवतात तसं. आणि मग त्यानं मला संत्र्याची गोष्ट सांगितली. इंग्रजीत ऑरेंज या शब्दाला यमकच नाही. शब्दकोशवाले फार खोदून वेल्समधला एक डोंगर काढतात, ब्लोरेंज नावाचा, आणि नेच्याच्या बीजाणूंची पिशवी असते तिचं एक जुनं नाव, स्पोरेंज, की संपलं. मग लोकांनी काय केलं, डोअर हिंज जुळवलं. दाराची बिजागरी. ऑर-इंज, डोअर-हिंज. भराभर म्हटलं की मधला ह श्वासात निघून जातो आणि दार बरोबर बसतं.

रोज मेट्रोनं जाते मी, जयप्रकाश नगर ते सीताबर्डी, आणि लाइनचं नावच ऑरेंज. त्या दिवसापासून अनाउन्समेंट झाली की मला आपोआप दाराची बिजागरी आठवते, आणि त्याच क्षणी डब्याची दारंही सरकतात. आणि मग वाटतं, हा शब्द आपलाच तर आहे. नारंग. इथून फारसीत गेला, तिथून अरबीत नारंज झाला, मग स्पेन, इटली, फ्रान्स, वाटेत कुठेतरी सुरुवातीचा न गळून पडला आणि इंग्रजीत पोचेपर्यंत ऑरेंज. माहेरी त्याला केवढा गोतावळा होता. सारंग, पतंग, तरंग, अभंग, दंग, संग, रंग, नुसती हाक मारली की ओसरी भरेल. आणि सासरी इतक्या लांब गेला की नाव बदललं, पहिलं अक्षर गेलं, नात्याचं माणूस म्हणावं असं एकही उरलं नाही. शेवटी कोणीतरी दाराच्या बिजागरीशी नातं लावून दिलं. भाचीही लग्नानंतर परदेशात जाणार आहे, म्हणून असेल, पण बर्डीला उतरेपर्यंत मला त्या शब्दाची माया येत राहिली. आमच्या संत्र्याला तसलं काही दुखणं नाही म्हणा. डिसेंबरात अधिवेशन भरतं तेव्हा गावात संत्री आणि मंत्री सोबतच दिसतात, ते यमक इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं.

बर्डीचंच घ्या. संध्याकाळी मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते आणि घरी आल्यावर आई पहिलं वाक्य काय म्हणायची, "बर्डीवर गर्दी होती काय?" नेहमी. एकात ड, दुसऱ्यात द. शाळेतल्या बाईंनी वहीत लाल गोल केला असता, पण नागपुरात जन्मलेल्या कुठल्याही माणसाच्या डोक्यात बर्डी आणि गर्दी हे शब्द एकमेकांच्या कडेवर बसलेले आहेत. आणि उखाण्यांचं तर काय सांगावं. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त म्हटला गेलेला उखाणा कोणता असेल तर भाजीत भाजी मेथीची. त्यात मेथीची आणि प्रीतीची जुळवलं आहे. थ आणि त. नियमानं पाहिलं तर कच्चं. पण कितीतरी पिढ्या ते म्हणून राहिल्या आणि मांडवातल्या एकाही बाईनं म्हटलं नाही की थांबा, थ ला थ पाहिजे. मीठ थोडं कमी पडलेली भाजीही पंगतीत संपतेच की.

अजून एक गोष्ट या यादीच्या नादात लक्षात आली. बहुतेक उखाण्यांत नवऱ्याचं नाव शेवटी येतच नाही. नाव मध्ये टाकतात, अमुकरावांचं नाव घेते, आणि पुढे जे काय असेल ते, वाट, ताट, थाट. म्हणजे जे नाव घ्यायला एवढं थांबवून ठेवलं, दार अडवलं, त्या नावाला काहीच जुळवलेलं नसतं, जुळतात ते आजूबाजूचे शब्द. सोयीचं आहे ते. एकच उखाणा सगळ्या जावांना चालतो, नाव तेवढं बदलायचं. माझी आई असंच घ्यायची. एकच उखाणा, चाळीस वर्षं, हळदीकुंकू असो की बारसं, आणि बाबांचं नाव घाईनं मधून काढून घ्यायची, जसं गरम भांडं पदरानं धरून उतरवतात. मला लहानपणी वाटायचं आईला उखाणे येत नाहीत. आता वाटतं की त्या नावाला शब्द शोधत बसायला तिला कोणी वेळच दिला नव्हता. नाव शेवटी ठेवायचं म्हणजे त्या नावापाशी थांबावं लागतं, ते तोंडात घोळवावं लागतं, त्यात कोणते स्वर आहेत, कुठे लांब होतं, कुठे अडतं हे पाहावं लागतं. भाचीला मी ते करायला लावलं याचा मला अभिमान होता.

म्हणून आत्याचं वाक्य लागलं.

आधी मला वाटलं ती यमकाबद्दल बोलली. तिचा कान फार तयार आहे, शिक्षण सातवी पण ओव्या शेकड्यानं पाठ. तर ष आणि स्त ची जोडी तिला खटकली असेल असं धरून मी मनातल्या मनात तिच्याशी वाद घालत राहिले, भांडी घासताना, रिक्षात, प्रूफांच्या गठ्ठ्यात. गझलवाले पाहा, मी तिला सांगत होते, सुरेश भटांनी गझलेचे नियम मराठीत समजावून सांगितले तेव्हा अलामत शिकवली, म्हणजे यमकाच्या ठरलेल्या अक्षराआधीचा स्वर, तो हलता कामा नये, जीवन आणि यौवन मध्ये न च्या आधी अ आहे म्हणून जुळलं, तिथे इ आला तर गेलं. मग कौस्तुभ आणि शुभ मध्ये भ आहे, भ च्या आधी उ आहे, कायद्यानं पक्कं आहे, आणि औ तर मी वरून फुकट दिला! एकदा तर मी थेट संस्कृतातल्या माघ कवीपर्यंत गेले. कॉलेजात संस्कृत होतं तेव्हा सर त्याचा वसंताचा श्लोक फळ्यावर लिहायचे, त्यात मृदुलतान्त लतान्त असं येतं. दोनदा लतान्त ऐकू येतं पण पहिला लतान्त हा शब्दच नाही. मृदुल मधला शेवटचा ल आणि पुढचा तान्त, म्हणजे कोमेजलेला, हे दोन शेजारी शब्द खांद्याला खांदा लावून उभे राहिले म्हणून तो ऐकू आला, आणि दुसरा लतान्त खरा, वेलीचा शेंडा. त्याआधीच्या ओळीत पराग घेतो आणि लगेच परागत, तिथे दुसरा पराग एका मोठ्या शब्दाच्या पोटात लपलेला. सरांनी खडूनं मध्ये उभी रेघ मारून तो शब्द फोडून दाखवला होता ते मला अजून दिसतं, खडूची पांढरी भुकटी त्यांच्या काळ्या बुटांवर पडलेली. सभंग म्हणायचं त्याला, फोडलेलं यमक. तेराशेक वर्षांपूर्वीचं. आणि आपल्याकडे मोरोपंत, वामनपंडित, वामनाला तर लोक यमक्याच म्हणायचे. म्हणजे रॅपवाल्या भाच्यानं मला जे नवीन म्हणून शिकवलं ते आपल्या माळ्यावर पडूनच होतं. हे सगळं मी आत्याला मनात ऐकवत होते आणि मनातली आत्या मठ्ठा पीत होती.

पण मग दुसरी शंका यायला लागली, रात्रीची, झोप न येणारी. ती यमकाबद्दल बोललीच नसेल तर? आपल्या भाषेत सगळ्याला एकच क्रियापद आहे. यमक जुळतं, लग्न जुळतं, पत्रिका जुळते, मन जुळतं, तुटलेलं हाडही जुळतं. आत्या म्हणाली जुळलं नाही, तर काय जुळलं नाही? भाचीची पत्रिका पाहिली होती, मुलाकडच्यांना पाहायची होती म्हणून. छत्तीसपैकी एकोणीस गुण. अठराच्या वर एक. माझी बहीण म्हणाली, झालं ना, पास आहे, पण आत्याच्या चेहऱ्यावर मी तेव्हाही काहीतरी पाहिलं होतं. आणि मला स्वतःला तो आकडा आवडला होता. छत्तीसपैकी छत्तीस म्हणजे तोच शब्द दोनदा लिहिल्यासारखं, त्यात ऐकण्यासारखं काय आहे. पण हे मला वाटतं, मला यमकं आवडतात म्हणून. आत्याला कदाचित वाटत असेल की पोरीच्या आयुष्याला पूर्ण मापाचं पाहिजे, अधेलीनं जवळ येणारं नको.

आणि पौष. पौषात लग्न लावत नाहीत हे ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, भांडून नाही, नुसतं म्हणत होती, आणि सगळ्यांनी तिला समजावलं की आता कोणी पाहत नाही. आणि मग भर पंगतीत, तिच्या समोर, तिच्या लाडक्या नातीच्या तोंडून मी वदवलं, लोक म्हणती थांबा थोडं. ते लोक म्हणजे कोण? ती एकटीच तर होती जी थांबा म्हणत होती. मी ते लिहिताना मला फक्त औ दिसत होता. यादीत कौल शुभ होतं, देवाचा कौल शुभ, किती छान बसलं असतं, कोणाला टोचलं नसतं. पण कौलमधला ल मध्ये खडा आल्यासारखा लागत होता आणि पौषातला ष वितळत होता, म्हणून मी पौष घेतला. एका ष साठी.

लग्नानंतर दहा-बारा दिवसांनी आतेभावाचा फोन आला, कशाबद्दल तरी, घराच्या टॅक्सबद्दल बहुतेक, आणि बोलता बोलता तो म्हणाला, परवा बाबांचं श्राद्ध केलं, आईची तब्येत बरी होती, स्वतः वाढलं तिनं. मी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागे उलटलं. काका, म्हणजे आत्याचे यजमान, पौषात गेले होते. मला माहीत होतं. मी स्वतः गेले होते तेव्हा हिंगणघाटला, पहाटेच्या बसनं, काचेवर धुकं, सगळ्या बायका शाली गुंडाळून ओट्यावर बसलेल्या आणि आत्या आत, भिंतीला टेकून. धुंधुरमासाची बाजरीची भाकरी कोणीतरी आदल्या दिवशी केलेली तशीच टोपलीत होती, ती मी पाहिली होती. इतकं सगळं आठवत होतं आणि ज्या सकाळी मला पौष शुभ सुचलं त्या सकाळी त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नव्हतं.

त्या दिवशी ऑफिसमध्ये प्रूफांच्या एका फॉर्मवर तीन चुका तशाच गेल्या.

फेब्रुवारीत गेले मी शेवटी तिच्याकडे, नंदनवनला. आतेभाऊ-वहिनी कामावर, आत्या गॅलरीत उन्हाला बसलेली, पुढ्यात संत्र्यांची पिशवी. मृग बहाराची संत्री आली होती, अंबिया बहारापेक्षा ती गोड असं आत्याचं ठाम मत आहे आणि माझंही. ती साल काढते ती पाहण्यासारखी असते, नखानं डोक्यावर एक टोचा देऊन अशी फिरवते की साल एकाच तुकड्यात सुटते आणि हातात फुलासारखी उघडी पडते. सालीतला तो बारीक फवारा उन्हात उडतो, बोटांना, पदराला, सगळ्या गॅलरीला तो वास. मी बराच वेळ काही बोललेच नाही. लग्नाचे फोटो दाखवले, भाचीचा व्हिसा कुठवर आला ते सांगितलं. मग म्हटलं, आत्या, तू त्या दिवशी म्हणाली होतीस जुळलं नाही, ते मीच जुळवून दिलं होतं. मला माफ कर. माझ्या लक्षात नव्हतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, फोड हातात तशीच धरून. "काय लक्षात नव्हतं?"

मी काही बोलू शकले नाही. पौष हा शब्द तोंडातून निघेना.

"तुनं लिवलं ते बेसच होतं," ती म्हणाली. "पोट्टीनं नाव गिळलं ना. शुभ शुभ म्हनली ठासून अन् मंग लाजली, नवऱ्याचं नाव पदरातच राह्यलं तिच्या. कौस्तु का काय ते आयकूच नाही आलं मले. मंग जुळन कसं? नाव घ्याचं त जिभेवर दाबून घ्या लागते. थे तोंडानं जुळवा लागते बाई, कागदावर काय जुळते."

मी घरी येऊन रेकॉर्डिंग परत ऐकलं, तीनदा ऐकलं, आणि खरंच, भाची शुभवर एवढी थांबली आहे आणि कौस्तुभ म्हणताना आवाज एकदम खाली, शेवटचा भ तर हसण्यात बुडालेला. तो औ, ज्याच्यासाठी मी दोन दिवस घालवले, तो ऐकूच येत नाही. डोअर हिंजचंही तेच असणार. कागदावर ते ऑरेंजच्या आसपासही दिसत नाही, म्हणणाऱ्यानं डोअरला थोडं आखडतं घेतलं आणि ह दाबला की ते होतं. पण हे नंतरचं. तेव्हा गॅलरीत मी नुसती आत्याकडे पाहत होते, सुटल्यासारखंही वाटत होतं आणि नाहीही, कारण श्राद्धाबद्दल ती काही बोलली नाही आणि पौषाबद्दल तर अक्षरही नाही. ती मला जपत होती का, हे मला आजही सांगता येत नाही.

मी विचारलं, तू कसं घेतलं होतंस गं? पहिलं नाव?

आत्याचं लग्न १९६२ सालचं. हिंगणघाटकडे कापूसच कापूस, जिनिंगपुढे बैलबंड्यांच्या रांगा, मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये येऊन गेलेला तरी घरात सगळा हिशेब शेर आणि मणातच. सासूनं दार अडवलं आणि म्हटलं, तयार केलेलं नको, माझ्या पोराच्या नावाचं सांग. काकांचं नाव चिंतामण. आत्या अठरा वर्षांची, डोक्यावर पदर, मागे उंबरठ्याशी बंडीतून उतरवलेला कापूस पडलेला, आणि तिनं तिथल्या तिथे जुळवलं. आता गॅलरीत तिनं ते म्हणून दाखवलं. आधी संत्र्याची फोड खाली ठेवली, पदर सारखा केला, आणि सावकाश, नावापाशी आल्यावर तर अजून सावकाश, जिभेवर दाबून.

गाडी भरली कापसानं, इचारू नका किती मण,
हात देल्ला हातामंदी, धनी माहे चिंतामण.

किती मण, चिंतामण. दोन शब्द एका नावाला. कि-ती-मण, चिं-ता-मण, मधल्या ती आणि ता चा फरक तिनं असा काही लांबवला की तो फरकच उरला नाही. मी पर्समधून पेन काढलं आणि मेट्रोच्या पावतीवर उतरवून घेतलं. वर लिहिलंय तसंच, कापूस आहे, गाडी आहे, म्हणजे मण. पण लिहिता लिहिता पेन थांबलं. कारण आत्या मण म्हणाली नव्हती. आमच्याकडे कोण ण म्हणतं. पाणी पानी असतं, कोण कोन असतं, लोणी लोनी असतं. आयुष्यभर मी प्रूफांवर न ला खूण करून ण करत आलेय, हात आपोआप तसाच गेला. तिनं म्हटलं होतं किती मन, धनी माहे चिंतामन. चाळीस शेरांचा मण आणि हे दुसरं, तिच्या तोंडात दोन्ही एकच.

"आत्या," मी म्हटलं, "इचारू नका किती काय? मण म्हणालीस का मन? वजनाचा की..."

"काहून?" तिनं फोड उचलली, तिच्यावरची पांढरी शीर नखानं सोलली आणि ती माझ्या हातावर ठेवली. "आयकू नाही आलं काय तुले?"